मुलाला कोणी काही विचारलं नाही

मुलीच्या मामांनी आधी विहिरीला पाणी किती, ते विचारलं. मग बाग किती एकर, थॉमसन की सोनाका, माल एक्स्पोर्टला जातो की लोकल, ट्रॅक्टर घरचा की भाड्याचा, सातबाऱ्यावर बोजा किती. अण्णा, मुलाचे वडील, एकेका प्रश्नाचं उत्तर देत होते. बोज्याचा प्रश्न आला तेव्हा म्हणाले, "सगळ्यांवर असतो तेवढाच." मामांनी मान डोलावली आणि नाशिकला फ्लॅट घ्यायचा काही विचार आहे का, असं विचारलं.

मुलगा ट्रे घेऊन बाहेर आला. आईच्या गुडघ्यांनी थंडीत दगा दिला होता, ताई लेकीला तापात घेऊन बसली होती, म्हणून पोहे आणि चहा त्यानंच केले होते. मामा हसले. "पोरानं चहा आणायचा? बायको आल्यावर मग काय, धुणी-भांडीपण?" शेजारी बसलेल्या काकू, म्हणजे मुलीच्या आई, पटकन म्हणाल्या, "असू दे, आमच्या मुलीला मदत करणाराच हवा." दोन घोट घेऊन त्यांनीच पुढे विचारलं, "पण मुलगा फार शांत दिसतो हो. उद्या भावकीतल्या कोणी बांध कोरला, तर उभा राहील ना?" मुलीचे काका सुपारीबद्दल बोलता बोलता दारूवर आले. घेत नाही म्हटल्यावर त्यांचं समाधान झालं नाही. "अजिबात नाही? मग चार माणसांत बसतो कसा? मार्केटला, व्यापाऱ्यांत?" आणि लगेच, आपणच काय बोललो ते विसरून, "नाही, बरंच आहे. आजकाल शेतकऱ्यांची पोरं सगळी पिणारीच निघतात."

मुलगी भिंतीशी बसली होती. नाशिकला नर्सिंगचं शेवटचं वर्ष करत होती. तिनं एकदा मान वर केली, काही विचारायला ओठ उघडले, तेवढ्यात मामा उठले. त्यांना संध्याकाळच्या आत दिंडोरीला पोचायचं होतं. त्यांचीही तिकडे बागच होती.

चौथ्या दिवशी मध्यस्थाचा फोन आला. मुलीला नोकरीवाला पाहिजे.

निफाड तालुक्यात हे घर काही वेगळं नाही. बाग आहे, पिकअप आहे, पक्कं घर आहे, मुलगा बी. एस्सी. ॲग्री झालेला आहे आणि वय एकतीस. ज्या घरांत स्वतःच्या मुलासाठी सून मिळत नाही म्हणून आया रडतात, त्याच घरांत मुलीसाठी मात्र कंपनीतला, पगारवाला, शक्यतो पुण्याचा जावई शोधतात. मला या आयांना दोष द्यावासा वाटत नाही. गारपिटीच्या एका अर्ध्या तासात वर्षाचं पीक जमिनीवर सांडलेलं त्यांनी पाहिलं आहे. पण ही अडचण आता एकेका घराची राहिलेली नाही. २०२२ च्या डिसेंबरात सोलापुरात लग्न न झालेले तरुण नवरदेवाच्या वेशात, कोणी घोड्यावर बसून, जिल्हाधिकारी कचेरीवर मोर्चा घेऊन गेले होते. मुलींची संख्या घटली आहे, गर्भलिंगनिदानाविरुद्धचा कायदा नीट राबवा, अशी त्यांची मागणी होती. लोकांनी व्हिडिओ पाहिले, हसले, पुढे पाठवले. त्यातल्या एकाही मुलाच्या जागी स्वतःला ठेवून पाहावं, असं फार थोड्यांना वाटलं असेल.

फोन आला त्या संध्याकाळी या घरात जेवणं शांतपणे झाली. ताई ताटं उचलता उचलता म्हणाली, "वाचली बिचारी."

"कोण?" मुलानं विचारलं.

"ती मुलगी. तुझं मन नाही दुखवत रे. पण लग्नाआधी सगळेच चहा करतात. आमच्याकडच्यानंही केला होता. पुरुष सगळे सारखेच."

ताई दोन वर्षांपूर्वी लेकीला कडेवर घेऊन माहेरी आली होती. आली तेव्हा तिचा डावा कान सुजलेला होता. त्याविषयी घरात एकदाच बोलणं झालं, नंतर कोणी विषय काढला नाही. हे सगळं मुलाला ठाऊक होतं. तरी त्या संध्याकाळी त्याच्या तोंडून निघून गेलं, "आणि तुम्ही पोरी? तुम्हा सगळ्यांना पॅकेज पाहिजे. माणूस कोणाला पाहिजे?"

"बस्स!" अण्णा ओरडले. "पुरुषानं तोंड वाजवायचं नसतं. चल, बागेत ये. पारा उतरतोय."

ते आधीच घोंगडी खांद्यावर टाकून बाहेर पडले होते.

निफाडची थंडी ज्यांनी सोसलेली नाही त्यांना तिची कल्पना यायची नाही. महाराष्ट्राच्या सपाट भागात सगळ्यांत कमी तापमान पुष्कळदा इथलंच असतं. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला आकडा सकाळी मोबाइलवर फिरतो आणि पारा तीन-चार अंशांवर गेला की नाशिककर कौतुकानं स्वेटर घालून चहाचे फोटो टाकतात. इथल्या माणसाला त्या आकड्यात मण्यांना गेलेले तडे दिसतात. ऑक्टोबरची गोडी छाटणी करायची, पानं येतात, घड निघतात, डिपिंग, विरळणी, डावणी आणि भुरीसाठी फवारण्या, कर्ज काढून औषधं, आणि मण्यात पाणी भरायला लागलं की ही थंडी. रात्री मणी आक्रसतो, सकाळी उन्हानं ताणतो आणि तडकतो. म्हणून पहाटे दोन-तीनपासून बागेत ठिकठिकाणी शेकोट्या पेटवतात, ठिबक सुरू करतात. विहिरीचं पाणी हवेपेक्षा कोमट असतं, त्यानं ओळीत थोडी ऊब राहते. पेठ-सुरगाण्याकडून कामाला आलेली माणसं आणि मालक त्या रात्री एकाच धुरात डोळे चोळत बसतात.

त्या रात्री बागेत आत्याही होत्या. अण्णांची थोरली बहीण, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या, नवरा गेल्यावर नाशिकला एकट्या राहणाऱ्या आणि थंडीच्या दिवसांत हट्टानं माहेरी येणाऱ्या. शेकोटीपाशी बसायला त्यांना लहानपणापासून आवडे. घरातलं भांडण त्यांनी ऐकलं होतं. ताई थर्मास घेऊन आली तेव्हा त्यांनी तिला हात धरून बसवलं. मुलगा पलीकडे पाचट टाकत होता, त्यालाही बोलावलं. अण्णा ठिबकच्या व्हॉल्व्हपाशी होते, ते आले नाहीत.

"निफाडात जन्मलेला सगळ्यांत मोठा माणूस कोण?" आत्यांनी विचारलं. शाळेची सवय त्यांच्यातून गेली नव्हती.

"न्यायमूर्ती रानडे," दोघंही एकदम म्हणाले. शाळेत दर जानेवारीत ऐकलं होतं. १८ जानेवारी १८४२.

"त्यांच्या दुसऱ्या लग्नाची गोष्ट सांगितली होती का कोणी?"

नव्हती सांगितली. शाळेत ती सांगत नाहीत.

आत्यांनी जी गोष्ट सांगितली ती रमाबाई रानड्यांच्या 'आमच्या आयुष्यांतील कांही आठवणी' या १९१० साली निघालेल्या पुस्तकातून आलेली आहे. पुस्तकात ती नवऱ्याची निंदा म्हणून येत नाही. रमाबाईंची भक्ती पानापानावर दिसते. म्हणूनच जे त्यांनी लपवलं नाही ते मला फार मोलाचं वाटतं.

१८७३ साली रानडे पुण्यात सबजज्ज होते. वय एकतीस. मुंबईच्या विधवाविवाहाच्या चळवळीत ते विष्णुशास्त्री पंडितांच्या बरोबरीनं उभे राहिले होते. १८६९ मध्ये मुंबईत विधवेचं लग्न लागलं, त्यावरून जो बहिष्कार झाला त्यात रानड्यांचंही नाव होतं. बोलायला घाबरणारा हा माणूस नव्हता. १८७३ मध्येच त्यांची पहिली पत्नी सखूबाई क्षयानं गेली. मित्र धरून चालले की रानडे आता विधवेशी लग्न करणार; जे बोलतो ते करून दाखवायची वेळ आली. कोल्हापूरच्या नोकरीत आयुष्य काढलेले त्यांचे वडीलही नेमकं हेच धरून चालले, आणि त्याच भीतीनं त्यांनी लगोलग मुलगी पाहायला सुरुवात केली.

"रानड्यांना लग्नच नको होतं," आत्या म्हणाल्या. "त्यांनी वडिलांना सांगितलं, मला थांबू द्या. वडील ऐकेनात. मग त्यांनी जे म्हटलं ते ऐक ताई. त्यांची बहीण होती दुर्गा. तरुणपणी विधवा झालेली, त्याच घरात राहणारी. रानडे म्हणाले, ती माझ्याहून लहान आहे. तिच्या लग्नाचा विचार तुमच्या मनात येत नाही, आणि माझ्या लग्नाची एवढी घाई?"

ताईनं थर्मासचं झाकण लावलं आणि ते तसंच हातात धरून ठेवलं.

"मग वडील काय म्हणाले?"

"ऐकत नसशील तर मी इथून निघून जातो, तुझा माझा संबंध संपला. त्या काळातच नाही बाळा, आजही बापाचं हे शेवटचं हत्यार आहे."

मग रानड्यांनी आणखी एक उपाय करून पाहिला. मुलीचे वडील, कुर्लेकर, पुण्यात आले तेव्हा रानड्यांनी त्यांना स्वतःच सांगितलं की मी सुधारक आहे, विधवाविवाहवाला आहे, माझे डोळे अधू आहेत, कानानं नीट ऐकू येत नाही, मला विलायतेला जायचंय आणि परत आल्यावर मी प्रायश्चित्त घेणार नाही. तुम्ही जुन्या घरंदाज वळणाचे आहात, तुमची मुलगी मला कशाला देता? माणूस स्वतःच स्वतःला नापास करायला निघाला होता. कुर्लेकर म्हणाले, हे सगळं मला ठाऊक आहे, माझं ठरलंय.

डिसेंबरात लग्न झालं. नवरी अकरा वर्षांची. लग्न लागल्यावर रानडे कोणाशी न बोलता आपल्या खोलीत गेले.

"म्हणजे घाबरले," मुलगा म्हणाला. पाचटाची पेंढी त्यानं जरा जोरातच आगीत टाकली. "जगाला सांगायचं एक आणि बापापुढं मान खाली."

"आणि त्या पोरीचं काय?" ताई म्हणाली. "अकरा वर्षं! तिच्यापुढं हे सगळे मोठे. सुधारक काय आणि सनातनी काय, बोहल्यावर ती उभी राहिली."

"दोघंही खरं बोलताय," आत्या म्हणाल्या. "ते चुकले. त्यांच्या मित्रांनी तेव्हाच तसं म्हटलं, आणि विष्णुशास्त्री पंडितांनी पुढे स्वतः विधवेशी लग्न करून दाखवलं. म्हणजे करता येत होतं. मी रानड्यांची वकिली करत नाही. मला तुम्हाला पुढचं सांगायचंय."

लग्नानंतर मुलीचे वडील परत गेले त्या रात्री रानड्यांनी तिला माडीवर नेलं. तुझं माझ्याशी लग्न झालंय, पण मी कोण, माझं नाव काय, हे तुला माहीत आहे का, असं विचारलं. मग लिहिता-वाचता येतं का, ते विचारलं. येत नव्हतं. त्याच रात्री पाटी-पेन्सिल आणून धडा सुरू झाला.

"त्या सगळ्या घडामोडीत," आत्या सांगत होत्या, "मी म्हणते, घरची, मित्रांतली, पुण्याची, मुंबईची, किती बोलली असतील माणसं! बापाचा शब्द राखतो तो खरा पुरुष, हे घरच्यांना ठाऊक होतं. बोले तैसा चाले तोच खरा पुरुष, हे मित्रांना ठाऊक होतं. पुरुष कसा असावा हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्या माणसाला काय हवंय ते त्यानं सांगून झालं होतं, ते कोणी ऐकलं नाही. आणि त्या मुलीला काय हवंय, हे विचारायचं कोणाला सुचलंच नाही. तिला पहिला प्रश्न विचारला तो त्यांनी. उशिरा विचारला. पण विचारला."

"आणि घरातल्या बाया?" ताईनं विचारलं. तिला बहुधा उत्तर ठाऊक होतं.

"बायांनी तिचा छळ केला. शिकते म्हणून टोमणे, अबोला. बाई शिकली तर घर बुडतं आणि बायकोला शिकवतो तो नवरा बायकोच्या मुठीतला, असं सांगणाऱ्या जास्त बायाच होत्या. रानडे त्यांच्याशी भांडले नाहीत. तिलाच म्हणाले, सोस, पण धडा सोडू नको. हेही मला पुरेसं वाटत नाही. पण धडा थांबला नाही. त्याच मुलीनं पुढे पुण्यात सेवासदन उभं केलं. १९०९ साली. आज तुझी ती नाशिकची पोरगी नर्सिंग शिकते ना, तसं नर्सिंग शिकायला मध्यमवर्गातल्या बायकांनी घराबाहेर पडावं म्हणून ज्या बाईंनी लोकांच्या शिव्या खाल्ल्या, त्या रमाबाई."

मुलगा गप्प होता. थोड्या वेळानं म्हणाला, "आत्या, मामांना मी काय सांगायला पाहिजे होतं?"

"मामांना काही सांगू नको. मामांना मुलगा पाहायचा नव्हता, मुलगे कसे असतात ते त्यांना आधीच माहीत होतं. तुझी ताईही तेच म्हणते, पुरुष सगळे सारखे. तूही तेच म्हणालास, पोरी सगळ्या सारख्या." आत्यांचा आवाज चढला नाही. "तिच्या कानावर हात पडलाय, म्हणून ती म्हणते. तुझ्या तोंडावर दार लागलंय, म्हणून तू म्हणतोस. दोघांचं दुखणं खरं आहे. पण तिनं त्या एका माणसाचा हिशेब तुझ्याकडं मागितला आणि तू त्या मामांचा हिशेब तिच्याकडं. तिला विचार की एकदा, काय झालं होतं. दोन वर्षांत कोणी विचारलं का?"

कोणी विचारलं नव्हतं. वडिलांनी केस करायची का एवढंच विचारलं होतं, आईनं परत जाशील का एवढंच. शेकोटीपाशी त्या पहाटे ताईनं भावाला सांगितलं. सगळं नाही, पण बरंच. त्यानं मध्ये काही म्हटलं नाही. मी त्याला असा ठेचला असता, तसा मारला असता, असं भाऊ म्हणतात तसंही म्हणाला नाही. एकदा फक्त म्हणाला, "चहा करायचा तो, हे तू सांगितलंस तेव्हा मला राग आला. आता कळलं का सांगितलंस."

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रात लग्न झालेल्या साधारण चारांतल्या एका बाईनं नवऱ्याकडून हिंसा झाल्याचं सांगितलं. ताई अशांतलीच एक. चारांतल्या तिघींनी तसं सांगितलेलं नाही, हेही त्याच आकड्यात आहे, पण मार खाल्लेल्या बाईला ते ऐकवून काही उपयोग नसतो. तिला आधी तिचं ऐकून घेणारं कोणी लागतं.

साडेचारच्या सुमारास अण्णा आले. हात शेकत उभे राहिले. बसले नाहीत.

मुलानं त्यांच्याकडं पाहिलं. आजवर हा प्रश्न त्यानं कधी विचारला नव्हता. मुलानं बापाला विचारायचा हा प्रश्नच नव्हता. "अण्णा, आपल्यावर देणं किती आहे?"

"तुला काय करायचंय? मी आहे ना अजून."

"तुम्ही आहात म्हणून तुम्हालाच विचारतोय."

अण्णांनी ताईकडं पाहिलं, बहिणीकडं पाहिलं. बायकांसमोर हे बोलायचं नसतं, असं त्यांच्या चेहऱ्यावर होतं. आत्या म्हणाल्या, "मी तुझ्याहून सहा वर्षांनी मोठी आहे. तुझी चड्डी मी धुतलीय. बोल."

बोलायला त्यांना बराच वेळ लागला. सोसायटीचं, बँकेचं, औषध दुकानाची उधारी, ताईच्या लग्नासाठी ओळखीच्या माणसाकडून घेतलेलं, आणि गेल्या हंगामात माल उचलून पैसे न देता निघून गेलेला व्यापारी. ११ लाख ४० हजार. आकडा सांगून झाल्यावर त्यांनी खाली बसायला जागा शोधली.

"मार्चमध्ये एका रात्री नको ते डोक्यात आलं होतं," ते आगीकडं बघत म्हणाले. "मग शेजारच्या वस्तीवरचा कुत्रा भुंकायला लागला, मी उठून घरी आलो. तुमच्या आईला सांगितलं नाही. सांगायचं कसं? नाना, तुमचे आजोबा, त्यांनी मला कधी एक रुपयाचं देणं सांगितलं नाही. ते गेल्यावर ट्रंकेत कागद निघाले. मला वाटायचं, असंच करतात."

असंच करतात. या दोन शब्दांपायी किती घरं बसली असतील! २०२२ साली देशात १,७०,९२४ माणसांनी आपला जीव घेतला, अशी सरकारी नोंद आहे. त्यांतले १,२२,७२४ पुरुष होते. शेतीवर जगणारे त्या वर्षी ११,२९० गेले, त्यांत सर्वाधिक महाराष्ट्रातले. कर्ज, नापिकी, भाव ही कारणं खरीच आहेत आणि त्यांची जबाबदारी ज्यांच्यावर आहे त्यांना ती सोडता येणार नाही. पण तेच कर्ज त्याच घरातल्या बाईच्याही डोक्यावर असतं. ती विहिरीवर, मळ्यात, शेजारणीपाशी बोलून मोकळी होते. पुरुषानं मोकळं व्हायचं ठिकाण आपण ठेवलेलं नाही. रडला तर पोरीसारखा रडतो म्हणतो आणि दगडासारखा बसला तर याला काळीज नाही म्हणतो. लहानपणी लेकरासारखं वाढवलेलं वासरू मेलं तेव्हा हाच मुलगा रडला होता, आणि अण्णांनीच त्याला गोठ्यातून हाकलून दिलं होतं. ते अण्णांना त्या पहाटे आठवलं की नाही, मला सांगता येत नाही. मुलाला आठवलं. तरी तो जवळ जाऊन बसला.

सकाळी आईला सांगितलं. ती रडली नाही. रागावली. "मला आधी सांगितलं असतं तर ताईच्या लग्नात बँड आणि हळदीचं जेवण कमी केलं असतं. माझ्या जिवावर खर्च केला आणि मलाच कळू दिलं नाही." नवऱ्यावर तिचा हा राग पुढे बरेच दिवस टिकला, आणि तो टिकायलाच हवा होता.

त्यानंतरच्या रविवारी घरात कागद पसरले. ताईचं अक्षर चांगलं, तिनं वही घेतली. कोणाचं किती, व्याज किती, मुदत कधी. मुलाला ॲग्रीचं शिक्षण होतं, त्यानं सांगितलं की विहिरीकडची जुनी बाग आता खर्चच खाते, हा हंगाम झाला की ती काढावी, तिथं कांदा घ्यावा. अण्णांनी ती बाग स्वतःच्या हातानं लावलेली होती. ते दोनदा नाही म्हणाले. तिसऱ्यांदा म्हणाले, "बरं." ओळखीच्या माणसाचे पैसे आधी द्यायचे, त्यासाठी पिकअप विकायची, असं ठरलं. पिकअप विकली की मुलाचं स्थळ आणखी पडेल, असं आई म्हणाली. मुलगा म्हणाला, "पिकअप बघून येणारी नकोच."

मंगळवारी दुपारी अनोळखी नंबरवरून फोन आला. तीच मुलगी होती.

"मामांनी परस्पर नकार कळवला," ती म्हणाली. "मला त्या दिवशी एक विचारायचं होतं."

"विचारा ना."

"मला नोकरी करायचीय. नाशिकला. नाइट ड्यूटी असते. तुमच्या घरी चालेल का, ते मी मोठ्यांना विचारणार नाही. तुम्हाला चालेल का?"

त्यानं घाईनं हो म्हटलं नाही. निफाडहून रात्रीची जाण्यायेण्याची सोय कशी होईल, आईच्या गुडघ्यांचं काय, हे त्याच्या मनात आलं ते त्यानं तसंच बोलून दाखवलं. मग म्हणाला, "चालेल. पण अवघड जाईल, दोघांनाही. आणि आमच्यावर ११ लाख ४० हजार देणं आहे. पिकअप विकतोय. हे मध्यस्थानं सांगितलं नसेल."

पलीकडे ती थोडा वेळ काही बोलली नाही. "नाही सांगितलं."

"आता तुम्ही विचार करा. आणखी काही विचारायचं असेल तर फोन करा. मलाही दोन गोष्टी विचारायच्यात."

लग्न ठरलं की नाही, ते मी इथं सांगत नाही. तसे फोन पुढे झाले, एवढं खरं.

त्या रात्री जेवताना मुलगा अण्णांना म्हणाला, "माझ्यासाठी स्थळं बघताय तसं ताईसाठीही बघा की. काडीमोडाचं काम पुढं सरकवू या."

अण्णांचा घास हातात राहिला. आई म्हणाली, "लोक काय म्हणतील?" आत्यांनी तिच्याकडं नुसतं पाहिलं.

ताईनं ताट पुढं सरकवलं. "मला विचारलंत का कोणी?"

"विचारतोय," भाऊ म्हणाला. "तुला काय पाहिजे?"

"काडीमोड पाहिजे. स्थळ आत्ता नको. त्या नाशिकच्या कॉलेजात माझ्या वयाच्या बाईला प्रवेश मिळतो का, ते त्या मुलीला विचारून सांग. तुझं जमो न जमो, एवढं विचार."